हेन्लीची अट

वसुधा : दादासाहेब, वल्हवण्याच्या शर्यतींच्या जुन्या छायाचित्रांत पांढऱ्या पोशाखातले तरुण आणि काठावर उंची टोप्यांची गर्दी दिसते. त्या काळचे सारे वल्हेकरी सुखवस्तूच होते काय?

दादासाहेब : छायाचित्रांत जे दिसतात ते बहुधा तसेच होते, परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात वल्हेकऱ्यांच्या दोन जाती होत्या, आणि त्या वेगावरून न ठरता पोटापाण्याच्या उद्योगावरून ठरत. हेन्ली येथे 1839 पासून भरणाऱ्या शर्यतींच्या कारभाऱ्यांनी 1879 साली असा कायदाच मुक्रर केला होता की, जो मजुरी घेऊन कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून राबतो, अथवा पूर्वी कधी राबला असेल, तो हौशी गणला जाणार नाही.

वसुधा : पैज लावून पैसे घेणाऱ्याला वगळले, हे समजते. पण वल्ह्यावर ज्याने कवडीही कमावली नाही, त्या सुताराने काय गुन्हा केला होता?

दादासाहेब : उघडपणे सांगत ते असे, की अंगमेहनत करणाऱ्याचे शरीर आधीच कमावलेले, तेव्हा लेखणी चालवणाऱ्याशी त्याची गाठ घालणे अन्यायाचे, मनातले कारण मात्र प्रतिष्ठेचे होते. या अटीला विरोध म्हणून 1890 मध्ये कामकऱ्यांना दरवाजे खुले ठेवणारी निराळी संघटना निघाली. तिचे एक पुरस्कर्ते कोशकार डॉ. फर्निव्हल यांनी तर 1896 साली हॅमरस्मिथला, चहागृहांत काम करणाऱ्या मुलींनाही वल्हवता यावे म्हणून, मंडळ काढले.

वसुधा : आणि ज्यांचा धंदाच नाव चालवण्याचा, ते नावाडी?

दादासाहेब : त्यांचे जग स्वतंत्र होते. उमेदवारी पुरी केलेल्या थेम्सच्या नावाड्यांसाठी 1715 पासून एक शर्यत चालत आलेली आहे. जिंकणाऱ्यास रंगीत अंगरखा आणि चांदीचा बिल्ला मिळतो. अर्नेस्ट बॅरीने तो 1903 साली मिळवला. पुढे पाठीराख्यांनी उभ्या केलेल्या रकमांवर जागतिक अजिंक्यपदासाठी झुंजताना 1910 मध्ये तो आफ्रिकेत झांबेझी नदीवर न्यूझीलंडच्या आर्न्स्टकडून हरला, 1912 मध्ये त्याच आर्न्स्टला त्याने थेम्सवर नमवले आणि 1920 साली सिडनीजवळ पॅरामाटा नदीवर गमावलेले पद परत घेतले. तरीही हेन्लीच्या हौशी शर्यतीत त्याला प्रवेश नव्हता.

वसुधा : पण नावेत बसल्यावर हा भेद उरे काय?

दादासाहेब : तिथे सर्वांना एकच शिक्षा! वल्हेकरी गंतव्याकडे पाठ करून बसतो. पाय पाटाला बांधलेले, खालची बैठक चाकांवर मागेपुढे सरकणारी. पाते पाण्यात बुडताच गुडघे ताठ होऊ लागतात, मग पाठ मागे झुकते, शेवटी कोपरे मागे येतात. यातले एक जरी क्षणभर आधी घडले तरी जोर वाया जातो. कंबरेतून ताठ झुकण्याच्या जुन्या शिस्तीला केंब्रिजच्या जीझस कॉलेजात स्टीव्ह फेअरबेर्न या ऑस्ट्रेलियन गुरूने आव्हान दिले आणि मुख्य भार पायांवर टाकला, तेव्हा परंपरानिष्ठांना तो निव्वळ पाखंड वाटला. याच पिढीला महायुद्धाने गाठले. 1908 साली ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवणारा, पियानोवादक व संगीतकार फ्रेडरिक केली 1916 मध्ये सोमच्या रणांगणावर पडला.

वसुधा : केली हे नाव मी एका अमेरिकन वल्हेकऱ्याचे म्हणून ऐकले आहे.

दादासाहेब : तो जॅक केली, फिलाडेल्फियाचा गवंडी, पुढे कंत्राटदार, चित्रतारका ग्रेस केलीचा पिता. 1920 साली हेन्लीच्या डायमंड स्कल्स या एकेरीच्या किताबासाठी त्याने केलेला अर्ज नामंजूर झाला. त्याच्या व्हेस्पर मंडळावर आधीपासूनच बंदी होती, आणि शिवाय त्याने हाताने काम केलेले, अशी दोन्ही कारणे दप्तरी नोंदली गेली. त्या वर्षी डायमंड स्कल्स जिंकला जॅक बेरेसफर्डने, ज्याच्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता. लाकूड रंधणारा सुतार अपात्र, कारखानदाराचा मुलगा हौशी! त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने बेरेसफर्डला एका सेकंदाने मागे टाकले आणि अर्ध्या तासाने चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर दुहेरीचे सुवर्णपदकही जिंकले.

वसुधा : मग तो कायदा टिकला किती काळ?

दादासाहेब : 1936 साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक पथकातील पोलीस शिपायांनाही याच न्यायाने हेन्लीत मज्जाव झाला, तेव्हा मात्र बोभाटा झाला आणि 1937 मध्ये ते कलम रद्द करावे लागले. दहा वर्षांनी, 1947 साली, केलीच्या मुलाने डायमंड स्कल्स जिंकला.

वसुधा : म्हणजे अन्याय इंग्लंडपुरताच आणि तोही इतिहासजमा?

दादासाहेब : इतिहासजमा खरा, पण त्याचा अर्थ आपल्याकडच्या उदाहरणाने लवकर उमगेल. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खणत. सैन्यात गेल्यावर त्यांच्या हाती वल्हे आले आणि 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ते एकेरीत तेरावे आले. 1879 च्या कायद्याखाली त्यांचा अर्ज पहिल्याच टेबलावर फेटाळला गेला असता.