टीव्हीवरून मागवलेलं क्रीम आणि पाचवीच्या वर्गातला एक तास



दरवर्षी २४ डिसेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा करतो. साजरा म्हणजे काय, तर फळ्यावर घोषवाक्य लिहितो, परिपाठात कुणीतरी चार ओळी वाचून दाखवतं, फोटो ग्रुपवर जातो आणि झालं. मीही बरीच वर्षं एवढंच केलं. या वेळी मात्र मी वर्गात एक खोका घेऊन गेले. तो खोका माझ्या घरी कसा आला आणि त्याचे पैसे परत मिळवताना काय काय झालं ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा तास त्याच्यावरच बेतलेला आहे. सांगायला थोडी लाज वाटते. पण त्या लाजेपायीच माझे पहिले पंधरा दिवस वाया गेले, म्हणून सांगणं भाग आहे.

धाकटीच्या बाळंतपणानंतर माझ्या गालांवर वांग आले ते गेलेच नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी टीव्ही चालू होता. अर्धा तास एकच जाहिरात. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ बोलत होते. पडद्याच्या डाव्या बाजूला डागांचा चेहरा, उजव्या बाजूला तोच चेहरा स्वच्छ. नीट बघितलं तर डावीकडचा फोटो अंधारात काढलेला आणि उजवीकडचा दिव्याखाली, पण हे मला आज दिसतं. कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ : पुढच्या दहा मिनिटांत फोन करणाऱ्यांना एकावर एक मोफत. (दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच घड्याळ तीच दहा मिनिटं मोजत होतं.) मी मिस्ड कॉल दिला. दोन मिनिटांत फोन आला. नाव, गाव, पिनकोड, घराजवळची खूण, सगळं मी भराभरा सांगितलं. रक्कम १,९९९ रुपये, पार्सल आल्यावर द्यायची.

संध्याकाळी ह्यांनी एकच प्रश्न विचारला, "कंपनीचं नाव काय?"

मला सांगता येईना. त्यांच्याकडे माझी कुंडली होती आणि माझ्याकडे त्यांचा फक्त एक फोन नंबर.

लगेच रद्द करायला फोन लावला. "मॅडम, ऑर्डर सिस्टिममध्ये गेली, आता रद्द होत नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तर "वरिष्ठांशी बोलून कळवतो." तिसऱ्या वेळी आवाज बदलला, "पार्सल घेतलं नाहीत तर आमचं लीगल डिपार्टमेंट नोटीस काढेल." नोकरदार माणूस नोटीस या शब्दाला फार घाबरतो. नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली तर? मुख्याध्यापकांनी फोडली तर? मी गप्प बसले.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. अशी ऑर्डर रद्द करायचा खरा आणि फुकटचा मार्ग म्हणजे दारात आलेलं पार्सल घ्यायचं नाही. "नको, परत न्या" एवढंच. पैसे दिलेले नसतात, वस्तू घेतलेली नसते, त्यामुळे नोटिशीची धमकी ही निव्वळ धमकीच असते. पण ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावी लागते. मी ती सांगितली नव्हती. पार्सल आलं तेव्हा मी बँकेत होते. सासूबाईंनी माणसाला म्हटलं, "उघडून बघू का आधी?" तो म्हणाला, "आधी पैसे, मावशी." त्यांनी आपल्या डब्यातले काढून दिले.

आत एक ट्यूब, एक साबण आणि कसल्यातरी गोळ्यांची पाकिटं. ट्यूबवरचं नाव जाहिरातीतलं नव्हतंच. "एकावर एक मोफत"मधलं दुसरं एक नव्हतं. बिल नव्हतं. मी परत फोन लावला तर उत्तर आलं, "खोका उघडलाय, आता रिटर्न होत नाही." म्हणजे उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही आणि उघडलं की परत घेत नाहीत. पुढे म्हणाले, पाठवायचंच असेल तर स्वखर्चाने पाठवा, पत्ता मेसेज करतो. तो मेसेज कधीच आला नाही. अकरा फोन केले, मग तो नंबर लागेनासा झाला.

आणि मग उलट दिशेने एक फोन आला. गोड आवाज. माझं नाव, रक्कम, तारीख सगळं पाठ. "तुमचा रिफंड मंजूर झालाय, मोबाइलवर एक अॅप घ्या आणि आलेला ओटीपी सांगा." मी फोन ठेवून दिला. पालकहो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा : आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी कुणालाही ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाही. क्रीमचे दोन हजार गेले ते परवडले असते, या फोनला बळी पडले असते तर खातंच रिकामं झालं असतं.

तरीही मी तक्रार केली नाही. का? सरळ सांगते. "कसली वस्तू होती?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागू नये म्हणून. मिक्सर बिघडला असता तर गावभर सांगितलं असतं. पण बाई, तुम्ही शिकलेल्या, मुलांना शिकवणाऱ्या, आणि टीव्हीवरून तोंडाला लावायचं क्रीम मागवलंत? असं कुणी म्हणेल याची भीती. मला वाटतं, या धंद्याचा अर्धा नफा या भीतीतूनच येतो. सौंदर्यप्रसाधन, वजन कमी करायची पावडर, केस उगवायचं तेल. फसलेला माणूस बोलतच नाही.

शेवटी आमच्या केंद्रातल्या एका गुरुजींना कुणकुण लागली. ते हसले नाहीत. "१९१५ ला फोन केलात का?" एवढंच विचारलं. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. त्यांनी तारीख, रक्कम, ऑर्डर क्रमांक विचारला, तक्रार क्रमांक दिला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. कंपनीचं उत्तर आलं तेच जुनं : ग्राहकाने खोका उघडला आहे. पण आता ते लेखी होतं. तोंडी नकाराला पुरावा नसतो, लेखी नकाराला असतो.

मग मी कायदा वाचायला बसले. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आपण डी.एड.ला प्रश्नोत्तरांपुरता पाठ केला होता. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहकाच्या व्याख्येतच टेलिशॉपिंगने खरेदी करणारा असा स्पष्ट उल्लेख आहे. मला तर तो वाचून धीरच आला. सदोष माल परत न घेणं आणि पैसे न देणं याला कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं आहे. पावतीवर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत हे व्हायला हवं. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी कुठल्याही राज्यातली असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

मात्र एक गैरसमज नको. "आता नको वाटलं" म्हणून वस्तू परत घ्यायलाच हवी असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. ते विक्रेत्याच्या अटींवर असतं. हक्क आहे तो वस्तू सदोष असेल, सांगितली त्यापेक्षा वेगळी असेल, कमी आली असेल तेव्हा. म्हणून तक्रारीत "मला पटलं नाही" असं न लिहिता "जाहिरातीत दोन, आल्या एक, नाव वेगळं, बिल नाही" असं लिहायचं. आपण मुलांना सांगतो ना, प्रश्नात विचारलंय तेवढंच लिही!

मी एक पानाचं पत्र लिहिलं आणि कुरिअरच्या लेबलवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवलं. ते "पत्ता अपूर्ण" अशा शेऱ्यासह परत आलं. एका रात्री धाकटीने खेळता खेळता खोक्यावरचं किमतीचं स्टिकर सोललं. खाली बारीक अक्षरात दुसरा पत्ता होता, परराज्यातला. त्याच पत्राची दुसरी प्रत तिकडे गेली. त्यात हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक, ३० दिवसांची तरतूद आणि "पंधरा दिवसांत पैसे न मिळाल्यास जिल्हा आयोगात जाईन" हे एक वाक्य. नवव्या दिवशी फोन. "मॅडम, तक्रार मागे घ्या, लगेच पैसे पाठवतो." मी म्हटलं, आधी पैसे. १,९९९ रुपये खात्यात जमा झाले. ऑर्डरपासून मोजले तर ५३ दिवस. सासूबाईंना त्यांच्या डब्यातले परत दिले. खोका मात्र कुणी न्यायला आलंच नाही, तो राहिला कपाटावर.

तोच खोका डिसेंबरमध्ये वर्गात गेला. आदल्या दिवशी मुलांना सांगितलं होतं, घरून रिकामी वेष्टनं आणा : टूथपेस्टचा खोका, पावडरचा डबा, केसांच्या तेलाची बाटली. विज्ञान पेटीतली भिंगं बाहेर काढली, कारण अक्षरं इतकी बारीक की माझ्याही डोळ्यांना झेपत नव्हती. पाच-पाच जणांचे गट केले. फळ्यावर रकाने आखले : वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायची, घटक, वजन, कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. सौंदर्यप्रसाधनांवर हे सगळं असावंच लागतं. टूथपेस्टसुद्धा कायद्याच्या भाषेत सौंदर्यप्रसाधनच, हे ऐकून मुलं खूप हसली.

बाकी गटांचे रकाने भरत गेले. एका गटाला मी माझा खोका दिला होता. त्यांचे तीनच भरले. एक मुलगा भिंग घेऊन चारही बाजू फिरवत बसला आणि म्हणाला, "बाई, विकणारा आहे, पण बनवणारा कुणीच नाही." तोपर्यंत "विक्री" आणि "उत्पादन" हा फरक मी तीन वेळा शिकवून झाला होता. त्या मिनिटाला तो कळला.

मुलांना सांगितलं की बनवणारा कोण हे माहीत नसेल तर आत काय आहे हेही माहीत नसतं. काही क्रीमांत स्टिरॉइड घातलेलं असतं. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावायची ती वस्तू नाही. परवाना क्रमांक नसलेल्या प्रसाधनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मी ती केली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग पहिल्या बाकावरच्या एकीने विचारलं, "बाई, तुम्हाला गोरं व्हायचं होतं का?"

वर्ग शांत. पाठ टाचणात हा प्रश्न नव्हता. मी आधी म्हणाले, डाग घालवायचे होते. मग वाटलं, खोटं कशाला बोलायचं? म्हटलं, "हो, थोडं तसंही वाटत होतं." मागच्या रांगेत एक मुलगी आहे, तिला मुलं रंगावरून एका नावाने हाक मारतात. मला ते माहीत होतं. एकदोनदा रागावले होते, पण नुसतं रागावून ते थांबलं नव्हतं. ती त्या वेळी सरळ माझ्याकडे बघत होती. मी विषय बदलला नाही. मुलांना आठवतील त्या क्रीमच्या जाहिराती सांगायला लावल्या. सावळी मुलगी आधी कशी दाखवतात? उदास. नोकरी मिळत नाही, कुणी बोलत नाही. नंतर? हसते. मग सांगितलं की जाहिरात क्षेत्राची स्वतःची एक संस्था आहे, ॲस्की, आणि तिने २०१४ मध्येच नियम केला की सावळ्या रंगाचं माणूस दुःखी, कमी दर्जाचं किंवा मागे पडलेलं दाखवायचं नाही. "म्हणजे ती जाहिरात चूक होती?" एकाने विचारलं. "तसं दाखवलं असेल तर चूक." मागच्या रांगेतून पहिल्यांदाच आवाज आला, "मग हाक मारणं पण चूकच ना?" मला उत्तर द्यावं लागलं नाही, दोन-तीन मुलांनीच खाली बघितलं.

तास संपला तेव्हा फळा पूर्ण भरला नव्हता. गृहपाठ एवढाच दिला की घरातली कुठलीही एक वस्तू घ्या आणि रकाने भरून आणा.

दोन दिवसांनी शाळा सुटताना एका मुलीची आई फाटकाशी उभी होती. पदराखाली खोका. केसांचं तेल, टीव्हीवरचंच, तीन महिन्यांपूर्वीचं. बिल नाही, फोन नंबर मुलाने पुसून टाकलेला. "आता काही व्हायचं नाही ना बाई?" मी विचारलं, पार्सल कशातून आलं होतं? म्हणाली, जाड पिशवी होती, चांगली वाटली म्हणून तूरडाळ भरून ठेवलीय. आम्ही तिच्या घरी गेलो. डाळ परातीत ओतली, पिशवी उलटी केली. लेबल अर्धं फाटलेलं, पण पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि रक्कम शाबूत. फोटो काढला आणि तिच्याच मोबाइलवरून १९१५ लावला. बोलली तीच. मी फक्त आकडे वाचून दाखवत होते.