जुन्या फिल्मचा रंग द्या, पण मूळ चित्रण जपा

निकाह-वलीम्याचे शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या आपल्या बांधवांकडे अलीकडे एक मागणी येऊ लागली आहे. "आजोबांच्या काळच्या फिल्मसारखे दोन-तीन मिनिटांचे करून द्या," असे गिऱ्हाईक सांगते. काम नीट शिकून घेतल्यास त्यात चार पैसे जास्त मिळतात. मात्र तयार इफेक्टचे बटण दाबून ते साधत नाही. जुनी फिल्म तशी का दिसे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

घरगुती चित्रणासाठी कोडॅक कंपनीने ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ साली आणि सुपर ८ फिल्म १९६५ साली बाजारात आणली. सुपर ८ वर सेकंदाला साधारण १८ चित्रे घेतली जात. चौकट ४ : ३ प्रमाणाची, म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद असे. एकेक चित्र करंगळीच्या नखाहूनही लहान. ते पडद्यावर मोठे केले की फिल्मचा रवाळपणा, ज्याला ग्रेन म्हणतात, डोळ्यांना दिसे.

आता कामाचा क्रम पाहू.

१) शूटिंग : २५ फ्रेमवर शूटिंग करावे व शटर १/५० ठेवावे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांचे लुकलुकणेही टळते. उजेड किंचित कमीच घ्यावा. फिल्मवर उजळ भाग हळूहळू पांढरा होत जाई. डिजिटलमध्ये पांढरी शेरवानी एकदा फटफटीत झाली की तिचे विणकाम मिक्सिंगमध्ये परत आणता येत नाही.

२) रंग : प्रथम व्हाइट बॅलन्स दुरुस्त करावा. नंतर कर्व्हचे वरचे टोक थोडे खाली आणि काळ्याचे टोक थोडे वर घ्यावे. रंगांचा भडकपणा कमी करावा. सगळे चित्र तपकिरी करणे ही नेहमीची चूक आहे. बऱ्याच जुन्या रंगीत फिल्ममध्ये आकाशी रंग आधी उडतो, म्हणून त्या लालसर दिसतात. तेवढीच लाली पुरे.

३) दिव्यांची आभा : तीव्र प्रकाश फिल्मच्या थरातून आरपार जाऊन मागून परत उसळे. त्यामुळे दिव्याभोवती तांबूस वलय येई. ते फक्त रोषणाईच्या दिव्यांना द्यावे, चेहऱ्यांना नव्हे.

४) ग्रेन : तो प्रत्येक फ्रेमला बदलला पाहिजे, स्थिर राहिला तर काचेवर धूळ बसल्यासारखा दिसतो. मध्यम उजेडाच्या भागात जास्त आणि अगदी पांढऱ्या भागात कमी ठेवावा.

५) हालचाल व ओरखडे : चित्र एक-दोन पिक्सेल हलले तरी पुरे. धुळीचा ठिपका एकाच फ्रेमपुरता असावा. पट्टी वरून खाली धावत असल्याने ओरखडा उभाच पडतो. तोच ओरखडा पुन्हा पुन्हा आला की गिऱ्हाइकाला नक्कल कळते.

वेग वाढवू नये. मूकपटातील माणसे भरभर चालताना दिसतात, कारण कमी वेगाने घेतलेली फिल्म पुढे जास्त वेगाने दाखवली गेली. आपल्या घरातील बुजुर्ग तसे धावताना दाखवले तर त्यांचे हसे होते. त्याचप्रमाणे प्रोजेक्टरची घरघर घालायची असेल तर ती मंडपाच्या दृश्यांवर घालावी. इजाब-कुबूलचा आवाज स्वच्छच राहिला पाहिजे.

देताना दोन प्रती कराव्यात. पेनड्राइव्हवरील प्रतीला बिटरेट जास्त ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल दाबली जाते व ग्रेनचे ठोकळे होतात, म्हणून मोबाईलच्या प्रतीत ग्रेन अगदी कमी करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्ही नुकसान करून शिकलो. एका निकाहची फिल्म आम्ही अशीच जुनी करून दिली. घरचे खूष झाले. जागा हवी म्हणून मूळ चित्रण आम्ही पुसून टाकले. काही महिन्यांनी नवरदेवाच्या दादीचे निधन झाले. "दादीचा चेहरा स्वच्छ दिसेल असा एक फोटो काढून द्या," म्हणून तो मुलगा दुकानात आला. आमच्याकडे होता तो ओरखड्यांनी भरलेला, फिकट चेहरा. इफेक्ट चढवता येतो, पण फाइल तयार झाल्यावर त्यातून उतरवता येत नाही. त्या दिवशी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. पूर्ण समारंभाची साधी, स्वच्छ फिल्म आधी द्यायची. जुना रंग केवळ ठरलेल्या दोन-तीन मिनिटांच्या तुकड्याला, तोही प्रतीवर द्यायचा. मूळ चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवायचे, आणि पुसण्यापूर्वी गिऱ्हाइकाला कळवून त्याची लेखी संमती घ्यायची. हार्ड डिस्कचा खर्च बिलात धरावा. समजावून सांगितले तर गिऱ्हाईक तो आनंदाने देते. निकाहचा तो दिवस पुन्हा उभा करता येत नाही, हे मिक्सिंगला बसण्यापूर्वी प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.