कोयता आणि पाळणा
(कुटुंबांकरितां पाठ)

वडवणीच्या आसपासच्या खेड्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस निघतात. पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत कोपी घालून तीं पांच-सहा महिने राहतात व चैत्राच्या सुमारास परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल दोघांवर, मजुरी दोघांची, आणि एकाचा खाडा पडला तर भुर्दंडही दोघांस. परंतु बाळंतपणाची चिंता मात्र बहुधा एकट्या स्त्रीच्या वांट्यास येते. ही रीत योग्य आहे काय, ह्याचा आज विचार करूं.

१. महिन्यांचा हिशेब. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारें २८० दिवसांनीं, म्हणजे नऊ महिने सात दिवसांनीं, दिवस भरतात. मंडळी हंगाम आटोपून घरीं येतात, वैशाखांत लग्नें होतात. १ जूनला जिची शेवटची पाळी आली तिचे दिवस ८ मार्चच्या सुमारास भरतात. तेव्हां तोड बहुधा चालूच असते आणि माहेर दूर असतें. म्हणून तयारीचा खरा काळ पावसाळ्याचा होय. तेव्हां सर्व घरींच असतात.

२. दोघांचा विचार. उचल घेण्यापूर्वीं पतिपत्नींनीं एकत्र बसून ठरवावें: ह्या वर्षीं जावें कीं राहावें? गेल्यास तिनें कोणत्या महिन्यापर्यंत काम करावें? बाळंतपण कोठें व्हावें, जवळ कोण असावें? उचलीतून किती रक्कम बाजूला ठेवावी? डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडींत चढणें हें गरोदर स्त्रीचें काम नव्हे. “खाडा पडला तरी चालेल, तूं बैस,” असें पतीनें आधींच म्हटलें, तर तिचें अर्धें भय तेथेंच जातें.

३. हाताची तयारी. पहिल्या तीन महिन्यांच्या आंत आशाताईंकडे नांव नोंदवावें व माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन तें प्रवासांत जवळ बाळगावें. धनुर्वाताच्या लसी टोंचून घ्याव्या. रक्त तपासावें, हिमोग्लोबिन ११ च्या खालीं असल्यास तो पंडुरोग समजावा. चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यावी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयांतील बाळंतपण, शस्त्रक्रिया करावी लागली तरी, २०११ च्या योजनेनें मोफत आहे. कोपीवर पोहोंचतांच जवळचा दवाखाना पाहून ठेवावा. रक्तस्राव, झटके, डोकें फार दुखून अंधारी येणें, तोंडास सूज, ताप, किंवा बाळाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं कांहींही दिसल्यास सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

हें शिक्षण केवळ डॉक्टरांचें नव्हे. बीड जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं काम आरंभिलें. तेथें अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील स्त्रियाही शिकून गांवच्या आरोग्यसेविका झाल्या. त्यांना जें साधलें तें आपल्या घरच्या सासवांना व जावांनाही साधेल.

४. मनाची तयारी. पहिलटकरणीस भय वाटतें. तिला हंसूं नये, तिचें ऐकावें. पित्यालाही कर्जाची धास्ती असते. ती त्यानें रागावून नव्हे, बोलून दाखवावी. आणि येणारें लेंकरूं मुलगी असली तर? २०११ च्या खानेसुमारींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागें मुली केवळ ८०७ होत्या. ज्या घरांत मुलीच्या स्वागताची तयारी नाहीं, त्या घरांत बाळंतपणाची तयारी झालीच नाहीं असें समजावें.

बाळ जन्मतांच कोरडें करून आईच्या उराशीं ठेवावें. तासाभराच्या आंत अंगावर पाजावें. पहिला चीक फेंकूं नये. सहा महिने दुसरें कांहीं, पाणीसुद्धां, देऊं नये.

विचारासाठीं प्रश्न
(१) आपल्या गांवांतून ह्या हंगामांत कोणत्या गरोदर भगिनी जाणार आहेत?
(२) जी मागें राहील, तिच्याजवळ रात्रीं कोण निजेल?
(३) उचल मोजतांना पाळण्याचा हिशेब आपण केला काय?