ते पुस्तक तुम्हीही वाचा

आईबाबांनो, मुलगी रात्री उशिरापर्यंत कादंबरी वाचत बसते. तुम्ही सहज चाळून बघता, तर त्यात नापास झालेला मुलगा, दारू पिणारे वडील, जीव नकोसा झालेली मैत्रीण. पोटात गोळा येतो. असलं वाचून पोरीच्या डोक्यात नको ते शिरेल, या धास्तीने पुस्तक कपाटात जातं. तुमची काळजी खरी आहे. तरी माझं थोडं ऐका.

वाराणसीजवळच्या लमही गावात १८८० साली हिंदी कादंबरीकार प्रेमचंद जन्मले. लहानपणीच आई गेली, घरात सावत्र आई आली. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि काही काळातच वडीलही गेले. गणिताने कॉलेजची वाट अडवली. शिकवण्या आणि नोकरी करत बी.ए. व्हायला १९१९ साल उजाडलं. कोवळ्या वयातली घुसमट त्यांनी स्वतः सोसली होती.

त्यांच्या 'निर्मला' कादंबरीत पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न तीन मुलांच्या बापाशी, वयस्कर वकील तोतारामशी लावून देतात. त्याचा थोरला मुलगा मंसाराम तिच्याच वयाच्या आसपासचा. तोतारामच्या मनात दोघांबद्दल संशय शिरतो. तो मुलाशी मोकळेपणाने बोलत नाही, त्याला वसतिगृहात धाडतो. बापाच्या मनात काय आहे हे मुलाला कळतं. तो खचतो, अंथरूण धरतो आणि त्यातच जातो. १९२५-२६ मध्ये 'चाँद' मासिकातून क्रमशः आलेली ही गोष्ट आजही आईबापांनी वाचावी अशी आहे. तोतारामचं मुलावर प्रेम नव्हतं असं नाही. वेळेवर बोलणं झालं नाही, आणि मूल हातचं गेलं.

म्हणून सांगते, पुस्तक काढून घेऊ नका. तुम्हीही वाचा. 'तुला काय होतंय?' असं थेट विचारलं की या वयाची मुलं 'काही नाही' म्हणून खोलीत जातात. पण 'मंसारामने कुणाला सांगितलं असतं तर?' असं विचारून बघा, ती बोलू लागतील. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी घरात असेल तर नववीतल्या मुकुंदबद्दल बोला. परक्याच्या दुःखावर बोलता बोलता मूल स्वतःचं काहीतरी सांगून जातं. त्या वेळी 'आमच्या काळात असलं नव्हतं' हे वाक्य गिळून टाका आणि नुसतं ऐका.

एक सावधगिरी मात्र हवी. जीव देणं हीच सुटका, असं एखाद्या पुस्तकात रंगवलं असेल, तर ते मुलाला एकट्याने वाचू देऊ नका. सोबत वाचा आणि त्यावर बोला. बोलण्यात मुलाची स्वतःची निराशा दिसली, तर 'मरावंसं वाटतं का?' असं सरळ, मायेने विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मुलाला धीर येतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, निःशुल्क मदत मिळते.

कपाटातलं ते पुस्तक आज बाहेर काढा. मुलीला एवढंच सांगा, 'तुझं झालं की मला दे, मलाही वाचायचंय.'