वारली चित्रकार जिव्या सोमा मशे

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडावेत, त्यांवर एक वाटोळे डोके ठेवावे, काड्यांसारखे हातपाय काढावेत, की वारली चित्र सिद्ध झाले, अशी समजूत अलीकडे शाळाशाळांतून रूढ झाली आहे. स्नेहसंमेलनाच्या पडद्यापासून निमंत्रणपत्रिकेच्या किनारीपर्यंत ही आकृती पोहोचली आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांतून तर घरांच्या व दुकानांच्या भिंतींवरही ती दिसते. ही कला झोपडीच्या भिंतीवरून जगापुढे नेण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्या चित्रकाराचे नाव मात्र पुष्कळ सुशिक्षितांना सांगता येत नाही. जिव्या सोमा मशे हे ते नाव होय.

मशे यांचा जन्म १९३४ साली तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. हा भाग त्या काळी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना मातृवियोग झाला. त्या आघाताने मुलाची वाचा बसली. पुढे कित्येक वर्षे तो कोणाशी बोलत नसे. सांगावयाचे ते बोटाने धुळीत रेघा ओढून दाखवी. आजूबाजूच्या माणसांनीही त्याच्या रेघा वाचावयास शिकून घेतले असले पाहिजे, कारण एरवी त्याचे दैनंदिन जीवन चालले नसते. या गोष्टीकडे शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे. असे मूल आज पहिलीच्या वर्गात येऊन बसले, तर त्याच्या नावापुढे तोंडी कामाच्या रकान्यात काय लिहिले जाईल?

अकराव्या वर्षी हा मुलगा डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाडा येथे आला व शेतमजुरी करू लागला. ते साल १९४५ च्या आसपासचे. वारली समाजाच्या इतिहासात हे वर्ष फार मोलाचे आहे. त्या वर्षी जानेवारीत कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे आलेले वारली शेतकरी परतले आणि मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी परिषद होऊन त्यांनी वेठ करण्याचे नाकारले. गोदावरी परुळेकर यांनी त्या लढ्याचा वृत्तांत पुढे ग्रंथरूपाने लिहिला आहे. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे घ्यावेत आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबावे, अशी तेव्हाची रीत होती. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. वारली चित्रातील नाचणाऱ्या आकृती पाहून हा समाज सदा आनंदात असावा असे मुलांस वाटते, म्हणून पाठाच्या ओघात एवढे सांगणे आवश्यक आहे.

हे चित्र मुळात लग्नाचेच. घराच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीस गेरू व शेण यांचा हात देऊन त्यावर तांदळाच्या पिठाने सवासिनी चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्याभोवती झाडे, पशुपक्षी, नाचणारी माणसे यांची दाटी होते. धवलेरी गाणी म्हणते. तिच्या गाण्यावाचून विधी पुरा होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला जी नक्षी वाटते ती त्या घराला देवीची उपस्थिती असते. शाळेच्या भिंतीवर शोभेसाठी चौक काढून मध्ये पाण्याच्या टाकीचा नळ बसविण्याचा प्रकार जेथे होतो, तेथे तो अज्ञानामुळे होतो हे खरे. तथापि त्याच वर्गात एखादी वारली मुलगी बसलेली असते, तिला काय वाटत असेल याचा विचार व्हावयास हवा.

हे लेखन परंपरेने स्त्रियांचे व प्रसंगापुरते होते. मशे यांनी या दोन्ही मर्यादा ओलांडल्या. ते पुरुष असून चित्रे काढीत. आणि लग्न असो वा नसो, रोज काढीत. धुळीत रेघा ओढणाऱ्या मुलाला चित्र हा नित्याचा व्यवहारच झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार या भागात आले. त्यापूर्वी दुष्काळाच्या काळात बिहारमध्ये मिथिलेच्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला होता. येथेही त्यांनी तेच केले. मशे यांचा हात त्यांनी ओळखला. १९७५ मध्ये मुंबईत मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, पुढील वर्षी फ्रान्समध्ये मांतों येथे चित्रे गेली, आणि १९८९ मध्ये पॅरिस येथील जगभरच्या समकालीन कलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांची चित्रे मांडली गेली. वारली लोककथांच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी मशे व त्यांचे पुत्र बाळू यांनी चित्रे काढली आहेत. कथा लक्ष्मी लाल यांनी लिहून घेतल्या आहेत.

भिंतीवरून कागदावर येताना चित्रात काय बदलले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. चौक हा एका जागी स्थिर असतो. मशे यांच्या कागदावर मात्र सर्व काही चालू असते. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र घ्यावे. जवळजवळ सारा कागद त्या जाळ्याने व्यापलेला आहे. बारीक, अगदी तुटक रेघांनी ते विणलेले असून एकही रेघ पट्टी लावून ओढलेली नाही. त्यामुळे जाळे पाण्यात हलत आहे असा भास होतो. माणूस त्यात लहानसा दिसतो. तारप्याच्या नाचाच्या चित्रात माणसे एकमेकांस धरून वेटोळ्यात फिरतात; प्रत्येकाचा पाय निराळ्या जागी, प्रत्येकाच्या कमरेचा बाक निराळा. त्रिकोण तेच, पण एक माणूस ओझ्याने वाकला आहे आणि दुसरा वाऱ्याविरुद्ध चालतो आहे, हे त्रिकोणाच्या कलण्यावरून कळते. ठसा मारल्याप्रमाणे एकसारख्या आकृती काढणाऱ्यास हे कधीही साधणार नाही. मशे यांनी शेतात राबून माणसाची पाठ वाकते कशी ते पाहिले होते, आणि ते त्यांच्या हातात उतरले होते.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. परंतु राष्ट्रीय पुरस्काराच्या वेळी त्यांनी जे मागितले ती होती कसावयास जमीन, आणि ती पदरात पडण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू हे चित्रकारच आहेत.

आता वर्गातील कामाविषयी. छापील वारली आकृती फळ्यावर उतरवून मुलांना गिरवावयास देऊ नये. प्रथम मुलांना शाळेबाहेर न्यावे आणि एकच काम पाहू द्यावे. भात लावणी, विहिरीवरचे पाणी भरणे, विटा वाहणे, काहीही चालेल. कोणाचा गुडघा कोठे वाकतो, घडा डोक्यावर असता मान कशी राहते, हे विचारावे. मग तपकिरी जाड कागदास गेरूचा हात देऊन तो वाळवावा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घालावा व बांबूच्या काडीचे टोक ठेचून कुंचला करावा. हा रंग ओला असताना फिका दिसतो व वाळल्यावर पांढरा उठतो. हे आधी सांगितले नाही तर मुले तीच रेघ पुन्हा पुन्हा गिरवून जाड करतात.

कल्याण व भिवंडी तालुक्यांतील वीटभट्ट्यांवरून येणारी, तसेच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील कातकरी, ठाकूर व वारली मुले वर्गात पुष्कळदा गप्प असतात. ती मंद असतात असे नव्हे. शाळेची भाषा त्यांच्या घरची नसते. अशा मुलाचे चित्र झाल्यावर शिक्षकाने त्याच्याजवळ बसावे आणि एकेका आकृतीवर बोट ठेवून हे काय, असे विचारावे. तो जो शब्द देईल तो त्याच्याच बोलीत, दुरुस्ती न करता, चित्राखाली लिहावा. शब्द न दिल्यास जागा कोरी ठेवून तारीख घालावी आणि पुढच्या आठवड्यात तेच चित्र पुन्हा त्याच्यासमोर ठेवावे.