आधी मेळ, मग काम

हर्सूल हे जळगाव रस्त्यावरचे गाव. एके काळी ते शहराबाहेर होते. आता छत्रपती संभाजीनगर वाढत वाढत त्याला येऊन मिळाले आहे.

आपल्याकडे चैत्र लागला की ऊन तापते. पत्र्याचे कूलर खपू लागतात. मृगाचा पाऊस पडला की मग त्यांना कोणी विचारीत नाही. माल कमी केला तर गिऱ्हाईक परत जाते. जास्त केला तर तो वर्षभर पडून राहतो. पत्र्याला गंज चढतो आणि कर्जावर व्याजही चढते.

समजा, हर्सुलात दोघा भावांचा लहानसा कारखाना आहे. थोरला माल विकतो, धाकटा माल करतो. थोरला दुकानदारांकडे फिरून आला. म्हणाला, "एप्रिलात 240 कूलर जातील."

धाकटा म्हणाला, "दादा, मार्चअखेर इतके व्हायचे कसे? वही काढ."

दोघांनी हिशेब मांडला.

शिल्लक कूलर : 40
मार्चमधले काम : 25 दिवस, रोज 6, म्हणजे 150
एकूण : 190
कमी पडतात : 50

थोरला म्हणाला, "मग फेब्रुवारीतच काम धरू."

धाकट्याने मोटारी मोजल्या. त्या 150 च निघाल्या. मोटारवाल्याला विचारले. तो म्हणाला, "आणखी 30 देतो. जास्त नाहीत." मोटार नसली तर कूलर कसला? नुसते पत्र्याचे खोके!

म्हणजे नवे कूलर 180 होणार. शिल्लक 40 धरून 220. त्यासाठी काम 5 दिवस आधी धरायचे. पत्र्याचे पैसेही तेवढेच आधी उभे करायचे. थोरल्याने 220 कूलरचाच विसार घेतला. बाकीच्या 20 ना आधीच "नाही" सांगितले. त्याला वाईट वाटले, पण दिलेला शब्द राहिला.

मोठ्या कारखान्यातही हाच हिशेब असतो. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला. एका मोटारसायकलला शेकडो सुटे भाग लागतात. एक भाग आला नाही तरी गाडी पुरी होत नाही. एवढा पसारा वहीत मावत नाही. म्हणून मोठे कारखाने तो संगणकात मांडतात. विक्री, उत्पादन, खरेदी आणि पैसा पाहणारी माणसे दर महिन्याला एकत्र बसतात. पुढच्या महिन्यांचा एकच आराखडा ठरवतात. मग सगळे त्याप्रमाणे चालतात.

संगणक बेरीज-वजाबाकी क्षणात करतो. पण शिल्लक न मोजता लिहिली, किंवा विक्रीचा आकडा फुगवून सांगितला, तर त्याचेही उत्तर चुकते. शिवाय, माल कमी पडला तर कोणाला "नाही" म्हणायचे, हे माणसांनीच ठरवायचे असते.

करून पाहा : मे महिन्यात 100 कूलर हवेत. शिल्लक 10 आहेत. रोज 5 होतात. कामाचे दिवस 15 आहेत. किती कमी पडतील? तुम्ही काय कराल? शेजाऱ्याशी बोलून ठरवा.