पैठणीची हौस आणि बस्त्याचे गणित

मराठी लग्नात वधूचा पोशाख म्हणजे एकच एक वस्त्र नसते. साखरपुड्याची साडी, हळदीची साडी, मामाकडून येणारी पिवळी अष्टपुत्री, सासरकडचा शालू, स्वागतसमारंभाची पैठणी किंवा घागरा अशी ती एक मालिका असते, आणि तिच्यातील प्रत्येक वस्त्राचा देणारा, नेसण्याचा प्रसंग व अंगावर राहण्याचा काळ वेगवेगळा असतो. त्यामुळे बेताच्या रकमेत वधूची हौस कशी भागवावी, हा प्रश्न दुकानात घासाघीस करून सुटत नाही. कोणती साडी कोणी द्यायची, ती किती वेळ नेसली जाणार आणि तिच्यापाठोपाठ आणखी कोणते खर्च येणार, हे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरात ठरावे लागते.

लग्नाची बहुतेक कापडखरेदी एकाच बैठकीत, घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना सोबत घेऊन करण्याच्या पद्धतीला बस्ता म्हणतात. पुण्यातील लक्ष्मी रस्ता असो वा मुंबईतील दादर, या बैठकीचा क्रम सहसा ठरलेला असतो: आधी वधूच्या भारी साड्या निघतात, मग विहीणबाई, आत्या, मावशी, करवली यांच्या मानाच्या साड्या, आणि सगळे दमल्यावर देण्याघेण्याच्या साड्या, म्हणजे आहेरात वाटण्यासाठी गठ्ठ्याने घेतलेल्या हलक्या साड्या. अंदाज कोसळतो तो या शेवटच्या टप्प्यावर, कारण साडेसातशेची एक साडी कोणाच्या डोळ्यावर येत नाही, मात्र तशा चाळीस साड्यांचे तीस हजार रुपये होतात, आणि तेवढ्यात वधूची एक बऱ्यापैकी साडी आली असती. यांतील कितीतरी साड्यांची घडीही मोडली जात नाही. त्या पुढच्या लग्नात तिसऱ्याच घरी आहेर म्हणून जातात. म्हणून देण्याघेण्याची यादी सर्वांत आधी करावी, ती निर्दयपणे छाटावी, आणि पत्रिकेवर आहेर न आणण्याची विनंती छापायची असेल तर परतीच्या साड्यांचा हिशेबही त्याच वेळी मिटवून टाकावा. मानपानावरून रुसवेफुगवे होतील ही भीती खरी आहे, परंतु रुसणारी मंडळी भारी साडी देऊनही रुसतात.

परंपरेकडे बारकाईने पाहिले तर ती स्वतः फारशी खर्चीक नाही, असे दिसते. अनेक घरांत वधू गौरीहरापाशी बसते आणि अंतरपाटामागे उभी राहते ती मामाने दिलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीत. ही साडी कोरी असावी एवढीच अपेक्षा असते. ती जरीने लडबडलेली असावी, असे कोणी म्हणत नाही. भरजरी साडीची वेळ येते ती मंगलाष्टका झाल्यानंतर, आणि तीही विधीपेक्षा पंगतीसाठी, व्यासपीठासाठी व छायाचित्रांसाठी. एकदा ही विभागणी मान्य केली की आईची किंवा आजीची जुनी पैठणी लग्नात नेसण्याला एरवी घेतला जाणारा आक्षेप, म्हणजे नवरीने नेसलेले वस्त्र नेसू नये हा, बराचसा गळून पडतो, कारण कोऱ्या वस्त्राचा नियम अष्टपुत्रीने आधीच पाळलेला असतो. मात्र जुने रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवल्यास नेमके घडीवरच विरते. म्हणून अशी साडी लग्नाच्या दोन-तीन महिने आधी पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी, विरलेल्या जागी रफू होते का ते पाहावे, आणि होत नसेल तर तिचा हट्ट सोडावा.

नवी पैठणी घ्यायचीच असेल, तर ती कशी विणतात हे ठाऊक असणे हा खर्च आटोक्यात ठेवण्याचा खात्रीचा उपाय आहे. नाशिक जिल्ह्यातील येवले आणि गोदाकाठचे पैठण ही तिची मुख्य केंद्रे असून 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. अस्सल पैठणीच्या पदरावरील मोर, पोपट किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या कांडीवरून सोडतात, त्या आकृतीच्या हद्दीपर्यंतच नेतात आणि तेथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतात. त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागावर जकार्ड यंत्रणेने हीच नक्षी काढली की धागे मागच्या बाजूने आडवे पळतात, आणि ते कापले तर पाठीवर धाग्यांची टोके राहतात. अशा साडीला बाजारात सेमी पैठणी म्हणतात. ती नेसण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि दोन-चार हजारांत ती लांबून तितकीच खुलते. कमीपणा असलाच तर तिला हातमागाचा भाव मोजण्यात आहे.

प्रस्तुत लेखिकेच्या आप्तांपैकी एका घरात नेमके हेच घडले. बांगडीमोराचा पदर, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळात बसवलेले मोर, हवा असा मुलीचा आग्रह होता. दुकानात साडी हातमागाची म्हणून दाखवली गेली, अठरा हजारांना ठरली आणि त्याच दिवशी ती फॉल-पिको करायला देण्यात आली. स्वागतसमारंभात वधूच्या पाटल्या पदराच्या मागील धाग्यांत वारंवार अडकू लागल्या, तेव्हा प्रथमच पदर उलटा करून पाहिला गेला. पावतीवर पैठणी हा शब्दही नव्हता. तेथे फॅन्सी सिल्क एवढेच लिहिलेले होते. फॉल लागलेली व नेसलेली साडी परत घेण्यास दुकानदाराने नकार दिला, आणि पावती पाहता त्याच्याशी भांडायला फारसा आधारही उरला नव्हता.

अशा वेळी छापील चिठ्ठ्यांवर विसंबून राहणेही पुरेसे नसते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 पासून दिले जाणारे सिल्क मार्क हे चिन्ह कापड शुद्ध रेशमाचे असल्याची हमी देते, पण ते हातमागावर विणले की यंत्रमागावर, याविषयी काहीच सांगत नाही; त्यासाठी 2006 मध्ये सुरू झालेले हँडलूम मार्क हे वेगळे चिन्ह आहे. जरीचेही तसेच आहे. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली खरी जरी, तांब्याच्या तारेची टेस्टेड जरी आणि चकाकत्या पॉलिस्टर पट्टीची प्लास्टिक जरी यांच्या किमतींत कमालीचे अंतर असते. बेताच्या रकमेत टेस्टेड जरीची, साध्या बुट्ट्यांची आणि पदरावर मोजकेच काम असलेली हातमागाची साडी घेणे प्रस्तुत लेखिकेला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण किंमत वाढते ती मुख्यतः पदरावरील दाट नक्षीमुळे. साध्या पदराला विणकराचे काही दिवस लागतात, तर भरगच्च पदराला महिने जातात. रेशमाचीच शंका असेल तर पदराच्या दशीतील एक धागा जाळून पाहावा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, पॉलिस्टरची मात्र कडक गोळी होते.

साडी ठरली की घर सुटकेचा निःश्वास टाकते, आणि खर्चाचा दुसरा डोंगर तेथून पुढे सुरू होतो. आरी वर्क, म्हणजे हुकासारख्या सुईने चौकटीवर ताणलेल्या कापडावर केलेले मणी, टिकल्या व जरीचे भरतकाम, पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर करून घेतले की ब्लाउजची मजुरी मध्यम साडीच्या किमतीला सहज गाठते. शिवाय हा ब्लाउज त्या एका साडीशीच जखडलेला राहतो. सोनेरी किंवा गडद हिरव्या रंगाचा, काठाला शोभेल असा एकच कामाचा ब्लाउज दोन-तीन साड्यांवर चालवता येतो, हे शिंप्याने नव्हे तर घरानेच लक्षात ठेवायचे असते. शिंप्याला मात्र दोन गोष्टी बजावाव्यात: शिवणीत पुरेशी माया सोडावी, म्हणजे पुढे सैल करण्याइतके जादा कापड आत राखावे, आणि अखेरचे माप लग्नाच्या अगदी जवळ घ्यावे, कारण लग्नाच्या धावपळीत अंगाचे माप बदलते. लगीनसराईत ऐन वेळी दिलेल्या कामाला दुप्पट मजुरी पडते, ती वेगळीच.

नऊवारीच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. नेसता येत नाही म्हणून नवी कोरी रेशमी साडी कापून शिवून घेतली की ती पुन्हा साडी होत नाही. डोहाळजेवण, बारसे, मुंज, हळदीकुंकू असे तिचे पुढचे सगळे प्रसंग त्या कात्रीखाली जातात. शिवलेली नऊवारी काही तासांपुरतीच हवी असेल तर ती भाड्याने आणावी. स्वागतसमारंभाच्या घागऱ्यालाही हाच न्याय लावावा. फक्त अनामत रक्कम किती, डाग पडल्यास किती कापणार आणि कपडा कोणत्या दिवशी परत द्यायचा, हे लेखी घ्यावे.

पावतीचा आग्रह मात्र प्रत्येक वस्त्रासाठी धरावा, आणि तिच्यावर साडीचे खरे नाव, रेशमाचा व जरीचा प्रकार आणि हातमागाची असल्यास तसा उल्लेख दुकानदाराकडून लिहवून घ्यावा. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असे पावतीवर छापलेले असले तरी ते सदोष मालाला लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार असा माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि पावती न देणेही तिच्यातच मोडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फॉल-पिकोला साडी देण्यापूर्वी ती दिवसाच्या उजेडात, उलट्या पदरासह, जाणत्या माणसाला दाखवून घ्यावी.